उताणा की पालथा

मित्रांनो, मी एक चमचा आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. चमचा म्हटल्यावर तुमच्यातले दोघं-तिघं एकमेकांकडे बघून हसले, ते मला दिसलं. हसा. पुढेपुढे करणाऱ्या माणसाला माझं नाव कुणी दिलं ते मला माहीत नाही, पण देणारा कधी चमच्याशी नीट वागला नसणार. मी उभ्या आयुष्यात कुणाची खोटी स्तुती केलेली नाही. मला ती करताच येत नाही. मात्र एकदा एका खोट्या स्तुतीसाठी माझा वापर झाला, आणि तीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या लांब पट्टीतून यंत्राने माझा सपाट आकार कापला, मग साच्यावर ठेवून वरून असा दणका दिला की माझ्या डोक्याची वाटी झाली. घासून, पुसून, चकचकीत करून आम्हा सहा भावंडांना एका पुठ्ठ्याच्या खोक्यात निजवलं. झाकणाला पारदर्शक खिडकी होती. तिच्यातून मी कितीतरी दिवस दुकानात येणाऱ्यांची बोटं पाहिली. जो तो खोकं उचलायचा, किंमत वाचायचा आणि खाली ठेवायचा. आपल्यातच काही खोट आहे की काय, असं मला वाटू लागलं होतं.

मग एक नवं जोडपं आलं. त्यातल्या नवऱ्याने खोकं उघडायला लावलं आणि तो एकेक चमचा काढून बोटावर आडवा तोलून बघू लागला. दुकानदार वैतागून म्हणाला, सगळे एकाच साच्यातले आहेत, बघायचं काय त्यात? त्यावर हा म्हणाला की साच्यातले असतील, पण हाताला सारखे लागत नाहीत. तो कुलूपवाला होता. कुलपं दुरुस्त करणं आणि किल्ल्या बनवणं हा त्याचा धंदा, आणि तोही डाव्या हाताने. माझ्यापाशी आल्यावर त्याचं बोट थांबलं. घरी पोचल्यावर त्याने कानस काढली आणि माझ्या दांड्यावर एक बारीक खाच घासली, म्हणजे मी इतरांत मिसळू नये. थोडं दुखलं. पण त्या दिवसापासून ते माझे मालक झाले आणि त्यांची बायको मालकीणबाई.

घर म्हणजे रस्त्याला लागून एक अरुंद खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर आणि वर झोपायच्या खोल्या. पुढच्या खोलीत मालकांचं दुकान. भिंतभर टांगलेल्या किल्ल्या, किल्ली कापायचं छोटं यंत्र, तेलाच्या बाटल्या, आणि ज्यांचे धनी कधी परत आलेच नाहीत अशी कुलपं. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नव्हतं, नुसता पडदा होता. जगाच्या दारांना कुलपं लावणाऱ्याच्या घरात आतलं दारच नाही, यावरून शेजारी त्यांना चिडवायचे. मालक म्हणायचे, दार लावलं तर आत काय शिजतंय ते कळणार कसं?

आणि त्यांना खरंच कळायचं. मालकीणबाईंनी कांदा परतायला टाकला की पडद्यापलीकडून आवाज यायचा, आच कमी कर. एकदा सूप चाखून त्यांनी सांगितलं की यातलं पाणी सकाळच्या दुधाच्या पातेल्यात उकळलंय. मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला, कारण ते खरं होतं. चाखायची त्यांची एक रीत होती. पहिला घास घेतला की मला तोंडात तसंच धरायचे, डोळे मिटायचे आणि नाकावाटे सावकाश श्वास सोडायचे. तो ऊबदार श्वास माझ्या दांड्यावर उतरायचा. मी तेव्हा शहाण्यासारखा गप्प राहायचो. श्वास संपला की निकाल ठरलेला असायचा.

निकाल कसला, ते सांगतो. मालकीणबाईंना रेसिपी जमवायचा नाद होता. नाद म्हणजे किती? वर्तमानपत्रं त्यांच्या घरात कधी अख्खी राहिली नाहीत, सगळ्यांना खिडक्या पडलेल्या. पाकिटांच्या पाठी, कॅलेंडरची पानं, रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी सांगितलेलं तिकिटावर उतरवून घेतलेलं, सगळं बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात जायचं. दवाखान्यात बसल्या की तिथल्या मासिकातलं पान फाडताना त्या मोठ्याने खोकायच्या, म्हणजे फाडल्याचा आवाज झाकला जावा. शेजारी बसलेले पेशंट घाबरून दोन खुर्च्या पलीकडे सरकायचे.

शेवटी डब्याचं झाकण लागेना. मालकांनी त्याला कडी बसवून पाहिली, तीही तुटली. तेव्हा घरात नियम ठरला. दर रविवारी डब्यातली एखादी रेसिपी करायची, पहिल्या वेळी अगदी लिहिल्याबरहुकूम, स्वतःची अक्कल न चालवता. सगळ्यांनी चाखायची. सगळ्यांचं चाखून होईपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. मग एकदम आपापला चमचा ताटलीत ठेवायचा. उताणा ठेवला तर “आणखी वाढ”, म्हणजे रेसिपी राखायची. पालथा ठेवला तर “पुरे”, म्हणजे कागद बाद. बाद कागद मालक दुकानात नेत आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर किल्ल्यांचे आकार गिरवत.

मतं देणारे तिघं. मालक, त्यांची लेक, आणि शेजारचे मास्तर. लेक मोठी होऊन बसवर कंडक्टर झाली होती आणि घरातही तिचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जायचा. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, घरी एकटे. कुणीतरी गरम वाढतंय याचंच त्यांना इतकं अप्रूप की त्यांचा चमचा कायम उताणा. फसलेल्या पुडिंगला, दगड झालेल्या पावालासुद्धा उताणा. म्हणून मास्तरांचं मत मोजायचं नाही, असं सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवलं होतं. मालकीणबाईंना मत नव्हतं. नको असं त्याच म्हणाल्या होत्या. करणाऱ्याच्या नाकात वास भरून जातो, मला काही कळत नाही, यांनाच सगळं कळतं. म्हणजे खरं सांगायचं तर त्या घरात एकच चमचा निकाल द्यायचा, आणि तो मी होतो. थोडा माज मला होताच. बाकीचे चमचे एकेक करून हरवले, वाकले, कुंडीतली माती उकरायला गेले. मी मात्र मालकांच्या डाव्या हातात झिजत राहिलो.

एके दिवशी लेकीने बातमी आणली. डेपोतली कामगारांची खाणावळ चालवणारा सोडून गेला होता. ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी बिस्किटांवर दिवस काढत होती. कुणी चांगलं चालवणारं मिळालं तर हवं होतं, आणि लेकीने आईचं नाव सांगून टाकलं होतं. मालकीणबाई आधी नाहीच म्हणाल्या. घरच्या चार माणसांचं वेगळं, तिथे रोज किती तोंडं, त्यांना काय आवडेल मला कसं कळणार? पण मी त्यांना रोज बघत होतो. त्या रात्रीपासून त्या डब्यातले कागद जेवणाच्या टेबलावर मांडून बसू लागल्या. एवढी वर्षं जमवलेलं कुणासाठी तरी शिजवायची त्यांना मनातून फार इच्छा होती. शेवटी त्या मालकांना म्हणाल्या, तुम्ही चाखून सांगणार असाल तर मी हो म्हणते. मालक म्हणाले, मी आहे ना.

डेपोत होकार कळवला, आणि त्याच आठवड्यात मालक तापाने पडले. साधाच ताप, अंगदुखी, सर्दी. बरे होऊन ते दुकानात बसले तेव्हा मी त्यांच्या चहाच्या कपात होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांदेखत पाहिलं. त्यांनी तेलाची बाटली उघडली, थबकले, नाकाशी नेली. झाकण लावलं. परत उघडली, परत हुंगली. मग बोटावर तेल घेऊन नाकाला जवळजवळ लावलंच. नंतर त्यांनी चहा प्यायला. मला तोंडात धरलं, डोळे मिटले, श्वास सोडला, आणि डोळे उघडले तेव्हा ते घाबरलेले होते. चहा गोड आहे एवढं त्यांना कळत होतं. चहा आहे, हे कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी सगळं सांगून टाकायचं असं त्यांनी ठरवलं असणार, कारण ते दुकान बंद न करताच आत आले. तेव्हा मालकीणबाई आरशासमोर नवा एप्रन बांधून उभ्या होत्या. खाणावळीसाठी स्वतः शिवलेला, मोठ्या खिशाचा. त्या वळून विचारत होत्या, जास्तच मोठा झाला का हो? मालक म्हणाले, छान आहे. आणि सांगायचं तसंच ठेवून ते परत दुकानात गेले.

आता रविवारची वाट कोण बघतो? रोज संध्याकाळी एखादी रेसिपी होऊ लागली, आणि मालकांची कसरत सुरू झाली. चव कळत नव्हती, पण खारट, आंबट, गोड एवढं पुसटसं लागायचं. तिखट टोचायचं. बाकी सगळं तोंडात येऊन मुकं व्हायचं. मग त्यांनी कानांनी आणि दातांनी चाखायला सुरुवात केली. भाजलेले बटाटे कुरकुरले की मी उताणा. वरून भाजलेल्या पावाचा थर असलेलं काहीही असो, मी उताणा. सूप, खीर, मऊ शिजलेल्या भाज्या, यांना काही आवाजच नाही. मी पालथा.

गंमत अशी की मालकीणबाईंना यात मोठा विचार दिसला. दिवसभर गाडी हाकणाऱ्याला चावायला काहीतरी हवं, म्हणजे पेंग येत नाही, यांना बरोबर सुचलं, असं त्या लेकीला सांगू लागल्या. राखलेल्या कागदांचा गठ्ठा असा कुरकुरीत झाला की मास्तरांनी एके दिवशी नियम मोडून हळूच विचारलं, माझ्या कवळीचा काही विचार होईल का? लेकही म्हणाली की डेपोतल्या निम्म्या लोकांच्या दाढा दुखतात, सगळंच कडक कसं चालेल? मालक गोंधळले. तिथून पुढे ते लेकीच्या भुवया बघून मला ठेवू लागले. एकदम ठेवायचं असा नियम, म्हणून त्यांना क्षणभरच उशीर करता यायचा. त्या क्षणभरात मी हवेत लटकत असायचो, मित्रांनो. कुठे पडणार ते मलाही माहीत नसायचं.

एकदा त्यांचा अंदाज पार चुकला. गाजरांच्या एका रेसिपीत लवंग इतकी होती की ती माझ्या खाचेतसुद्धा जाऊन बसली. लेकीच्या भुवया त्या दिवशी बसच्या विचारात होत्या, हलल्याच नाहीत. मालकांनी मला उताणा ठेवलं. लेकीचा चमचा पालथा. मालकीणबाई लेकीला म्हणाल्या, तुला नाही कळायचं ते, बाबांनी राखलंय म्हणजे त्यात काहीतरी आहे. लेक गप्प बसली. दुसऱ्या दिवशी तिने चाखून आधी बाबांकडे पाहिलं आणि मग चमचा ठेवला. मला त्या घराची काळजी वाटू लागली ती त्या दिवशी. ज्याला चव कळत नव्हती तो लेकीकडे बघत होता, आणि जिला कळत होती ती त्याच्याकडे. तसाच तो लवंगेचा कागद खाणावळीच्या गठ्ठ्यात गेला.

खाणावळ सुरू व्हायला थोडेच दिवस उरले असताना भोपळ्याच्या सुपाची पाळी आली. भोपळा आधी भाजून घ्यावा आणि मग मंद आचेवर आटवावा, असं कागदावर लिहिलं होतं. दुपारची वेळ. सूप चुलीवर ठेवून मालकीणबाई कोपऱ्यावर दूध आणायला निघाल्या. इथेच बसा, दाटसर झालं की बंद करा, असं सांगून गेल्या. मालक एक अडलेलं कुलूप घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. कुलूप हट्टी होतं. त्याच्यात ते रंगून गेले.

मी टेबलावर कपात होतो. आधी सूप खदखदलं, मग त्याचा आवाज बसला, मग थांबला. ते तळाला लागलं. आम्हा चमच्यांना नाक नाही, पण जन्म अन्नात गेल्यावर करपलेलं कळतंच. वास चुलीवरून टेबलावर आला, टेबलावरून पडद्याखाली घुसून दुकानात गेला. मालक चुलीपासून हातभर अंतरावर बसून कुलपात फुंकर मारत होते.

मालकीणबाईंना तो वास रस्त्यातच लागला असणार, कारण त्या धावत आल्या. पडदा सारून बघतात तर हे निवांत. मालकांनी मान वर केली आणि हसून म्हणाले, “आलीस? अजून जरा दाट व्हायचंय बहुतेक.”

त्या पडद्यात तशाच उभ्या राहिल्या. मग आत येऊन त्यांनी चूल बंद केली. ओरडतील असं मला वाटलं, पण त्या ओरडल्या नाहीत. वाडग्यात सूप ओतलं, अगदी तळापासून खरवडून. वाडगा मालकांपुढे ठेवला. मला कपातून काढलं, पदराने नाही, नव्या एप्रनने पुसलं आणि त्यांच्या डाव्या हातात दिलं. आणि चेहरा असा कोरा केला की त्यावरून काही म्हणजे काही कळू नये.

मालकांनी घास घेतला. डोळे मिटले, श्वास सोडला, सगळं रीतीप्रमाणे. किंचित कडू लागलं असेल, पण भोपळा भाजलेला आहे हे त्यांनी वाचलं होतं. त्यांनी डोळे उघडून बायकोकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या भुवया त्या वेळी घरात नव्हत्या. ते खूप वेळ थांबले, आणि मग त्यांनी मला ताटलीत ठेवलं. उताणा.

“ही राख,” ते म्हणाले. “भाजल्याची चव छान उतरलीय.”

मित्रांनो, मी तिथे उताणा पडलो होतो आणि माझ्या वाटीत करपलेले काळे कण होते. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

मालकीणबाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. “कधीपासून?” त्यांनी विचारलं.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा बहुधा त्यांना ते काळे कण दिसले. ते म्हणाले, “तापापासून.”

मग त्या संतापल्या. आवाज चढला नाही, पण एकेक शब्द टाचणीसारखा टोचत होता. राखलेले ते सगळे कागद, ती लवंग, ते कुरकुरीत थर, सगळं त्यांना एका दमात आठवलं. “दिवसभर उभं राहून आलेल्या माणसांना मी जेवायला घालणार आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मला डोळे बांधून चालवलंत. पोरीला गप्प केलं मी तुमच्यापायी.”

मालक खाली बघून म्हणाले, “माझ्या जिभेच्या भरवशावर तू हो म्हणालीस. ती गेली असं सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणाले असते,” मालकीणबाई म्हणाल्या. “पण ते मी म्हणाले असते ना.”

दुकानात कुणीतरी येऊन हाक मारून गेलं, तरी कुणी उठलं नाही. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसत त्यांनी जे सांगितलं ते फार साधं होतं. तेलाचा वास जाऊ दे, पण तू कांदा परततेस तेव्हा पडद्यापलीकडे मला आता नुसता आवाज येतो. तू घरात आहेस की नाही तेही कळत नाही कधी कधी.

मालकीणबाई उठल्या आणि वाडगा उचलून ओतायला निघाल्या. मोरीपाशी त्या थांबल्या. परत आल्या, मला उचललं, नळाखाली धुतलं आणि त्या करपलेल्या सुपाचा घास माझ्यानेच घेतला. एवढ्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा तोंडाला लावलं. मी डाव्या हाताला झिजलेलो, त्यांचा हात उजवा, त्यामुळे अर्धं सूप हनुवटीवर सांडलं. त्या मनाशी बोलल्यासारखं बोलू लागल्या. करपट आहे, पण ते फक्त तळाचं आहे. वर भोपळा गोड आहे. आलं घशाला लागतंय पण मागून, उशिरा. आणि मध्ये कुठेतरी रिकामं वाटतंय.

मालकांनी मान वर केली. “रिकामं कुठे? आल्याच्या आधी की नंतर?”

“आधी.”

“जायफळ घातलंयस?”

“कागदावर नाहीये.”

“मग चिमूटभर घाल. सूप उतरवल्यावर घाल, आधी नाही.”

मालकीणबाईंनी दुसऱ्या पातेल्यात भोपळा चढवला. ते सूप झालं, त्यात जायफळ पडलं, आणि मालकीणबाईंनी चाखलं. चाखून झाल्यावर त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, कारण मला आता ताटलीत ठेवायचं होतं आणि ते त्यांनी कधी केलं नव्हतं. त्यांनी मला उताणा ठेवलं. मग उचललं, आणखी एक घास घेतला, आणि पुन्हा उताणाच ठेवलं.

त्यांचं लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. मालकीणबाई कितीतरी दिवस कामापुरतंच बोलत होत्या. पण काम मात्र तुफान चाललं होतं. राखलेला गठ्ठा पुन्हा सगळा सोडला. बाद झालेले कागद दुकानातून परत आणले, पाठीवर किल्ल्यांचे आकार गिरवलेले. मालकीणबाई चाखायच्या आणि लागेल ते बोलायच्या. मालक समोर बसून ऐकायचे. त्यांची जीभ गेली होती, पण तिची आठवण शाबूत होती. लवंग पुढे येतेय म्हटलं की ते सांगायचे, एकच घाल आणि अख्खी घाल, मग काढून टाक. आंबट टोकाला जातंय म्हटलं की म्हणायचे, मीठ बघ. लेकीला बसवून आईने सांगितलं की आता बाबांकडे बघायचं नाही. तिचा चमचा पुन्हा धाडकन पडू लागला. मास्तरांनाही खरं सांगितलं. ते ऐकून ओशाळले आणि म्हणाले, मग मलाही सांगायला हवं, ती लवंगेची गाजरं मी नेऊन मांजराला घातली होती, तिनेही खाल्ली नाहीत.

खाणावळ ठरल्या दिवशी उघडली. मालकीणबाईंनी मला एप्रनच्या मोठ्या खिशात टाकून नेलं, म्हणून मी आता डेपोत असतो. लांबलचक टेबलं, हात धुवायची रांग, खिडकीबाहेर फिरणाऱ्या गाड्या. त्या रोज पहाटे प्रत्येक पातेल्यातलं माझ्याने चाखतात, आणि चुकलं तर स्वतःच ठरवतात काय करायचं. पहिल्या दिवशी एक दांडगा ड्रायव्हर सूप संपवून काही न बोलता वाडगा पुढे करून उभा राहिला. मालकीणबाईंनी विचारलं, काय हवंय? तो म्हणाला, हेच. तेव्हा त्यांनी वाडगा काठोकाठ भरून दिला.

दुपारी गर्दी ओसरली की मालक येतात आणि टोकाच्या बाकावर बसतात. डॉक्टर म्हणाले होते, वास परत येईलही, नाहीही. अजून तरी आलेला नाही. मालकीणबाई त्यांना वाढतात, मला खिशातून काढून त्यांच्या डाव्या हातात देतात, आणि समोर बसून सांगतात. आज कांदा मंद परतलाय, जरा गोडसर वास आहे. लिंबाची साल किसलीय, ती वाफेबरोबर आधी नाकात जाते. मालक डोळे मिटून ऐकतात आणि जेवतात. मला काही कळत नाही असं म्हणणाऱ्या बाईंना आता एका घासाबद्दल इतकं बोलता येतं की शेजारच्या टेबलावरचे कंडक्टर जेवण थांबवून ऐकत बसतात.

परवा जेवण झाल्यावर मालक मला बोटांत फिरवत बसून राहिले. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “एक विचारू? माझ्या अंगाला वास येतो का गं? मला कळतच नाही. म्हणून मी दोन-दोनदा आंघोळ करतो, शर्ट बदलतो.”

मालकीणबाई टेबल पुसत होत्या. फडकं ठेवून त्या त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या, आणि कपाळ त्यांच्या खांद्याला टेकून त्यांनी सावकाश श्वास घेतला, भर खाणावळीत, सगळ्यांसमोर.

“लोखंडाचा येतो,” त्या म्हणाल्या. “साबणाचा येतो. आणि तुमचा येतो. इतकी वर्षं येतोय तोच. एकदा आंघोळ केली तरी पुरे.”

मालकांनी मला ताटात ठेवायचं सोडून मुठीत घट्ट धरून ठेवलं. त्या मुठीत मी बराच वेळ होतो.

मित्रांनो, एका जुन्या चमच्याचं तुमच्याकडे मागणं ते काय असणार? मला घासून लख्ख करा असं मी म्हणत नाही. माझी चकाकी जायची ती गेली. पण तुमच्याही घरी कुणीतरी रोज “छान झालंय” एवढंच म्हणून उठत असेल, मग ते आजोबा असोत, मावशी असो नाहीतर शेजारून येणारं एकटं माणूस. आज त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा, तुम्हाला खरंच काय लागतंय? ते लगेच सांगणार नाहीत. तेव्हा उठून जाऊ नका, त्यांचं जेवण होईपर्यंत तिथेच बसून राहा.